साप दिसला की माझ्याकडे ये

बंड्या गेला तेव्हा जूनचा पहिला पाऊस पडून चार-पाच दिवस झाले होते. संध्याकाळी साडेसातची वेळ, लाईट गेलेली, मी भाकऱ्या करत होते आणि मागच्या बाजूला सोडणांच्या राशीपाशी तो जोरजोरात भुंकायला लागला. (सोडणं म्हणजे नारळ सोलल्यावरची वरची सालं, आमच्याकडे न्हाणीच्या चुलीत जाळायला पावसाळ्याआधी रास करून ठेवतात.) तो असा रोजच भुंकायचा, बेडकावर, खेकड्यावर, शेजारच्या मांजरावर, म्हणून मी उठले नाही. अण्णा पडवीत बसलेले, ते म्हणाले कुकरची वाफ सुटते तसला आवाज येतोय, बघ जरा. मी बॅटरी घेऊन मागच्या दारी पोचेपर्यंत बंड्याने एकदाच कुईं केलं आणि तो स्वतःच चालत माझ्याकडे आला, नाकाच्या बाजूला दोन ठिकाणी रक्ताचा ठिपका. बॅटरीच्या उजेडात राशीच्या कडेला घोणस होती, तशीच वेटोळं करून.

पुढचं सगळं लिहीत नाही. तोंड सुजत गेलं, गळ्यातला पट्टा रुतायला लागला तो कापून काढला, रिक्षा मिळायला वेळ गेला, पहिल्या ठिकाणी डॉक्टर नव्हते आणि दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर होते पण अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) नव्हतं. ते मागवून येईपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. पहाटे गेला. साडेचार वर्षांचा होता.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने फोन करून विचारलं की तुझ्या मिरीला तू सापाचं ट्रेनिंग दिलंस म्हणे, कसं दिलंस, आम्ही पण पिल्लू आणतोय. फोनवर अर्धा तास बोलले तरी पुरं झालं नाही. मग म्हटलं नीट लिहूनच काढू, तिला पण होईल आणि कुडाळ-सावंतवाडीकडे घराला बाग लागून असलेल्या बाकीच्यांना पण. मी काही ट्रेनर नाही. पण गेली अडीच वर्षं रोज हे करतेय, बऱ्याच चुका करून झाल्यात, आणि हे शिकवता येतं एवढं मला आता खात्रीने सांगता येतं.

आमच्या भागात साप म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आमच्याकडे आहेत, त्यात फुरसं तर इथलंच म्हणायचं. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारायला सरकार बक्षीस द्यायचं, आणि तेव्हा आमचा सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता, १९८१ साली वेगळा झाला. जांभ्याच्या कातळावर, दगडाखाली, गडग्याच्या (दगडांच्या कुंपणाच्या) फटीत ते वीतभर-हातभर फुरसं बसलेलं असतं, त्याच्यावर पाय पडायच्या आत ते अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खर्र खर्र आवाज करतं. माणूस तो आवाज ऐकून थांबतो. कुत्रा मात्र तो आवाज ऐकून नाक पुढे घालतो, आणि सगळा प्रॉब्लेम तिथेच आहे. कुत्र्याला नवीन गोष्ट कळते ती नाकाने, म्हणून चावा पण बहुतेक वेळा नाकावर, तोंडावर नाहीतर पुढच्या पायावरच बसतो.

मिरी आली तेव्हा दोन-अडीच महिन्यांची होती, गावठी, काळीभोर, वाडीतल्या एका घरी झालेली. तिला आणल्याच्या दुसऱ्या दिवशीच मी शेजारच्या काकींना म्हटलं की हिला सापाचं शिकवणार. काकी म्हणाल्या, "कुत्र्याक काय शिकवतलंस गो, तेका उपजतच कळता." हे मी तेव्हापासून शंभर जणांकडून ऐकलंय. उपजत कळत असतं तर बंड्या राशीजवळ गेला नसता. काही कुत्रे जात्याच सावध असतात हे खरं, पण जात्याच सावध असणं आणि साप टाळायला येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपला कुत्रा कुठल्या प्रकारचा आहे हे आपल्याला एका चाव्यानंतरच कळतं.

दुसरी गोष्ट मला जास्त त्रास देते ती म्हणजे साप मारणाऱ्या कुत्र्याचं कौतुक. आमच्या कुत्र्याने नाग फाडला, चार साप मारलेत आतापर्यंत, असं अभिमानाने सांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरतात. त्या कुत्र्याला शाबासकी दिली, पाठीवर थोपटलं, की आपण त्याला शिकवलंच की, की साप दिसला तर धर. पहिले तीन साप धामण किंवा दिवड असतात, बिनविषारी, म्हणून तो जगतो. पाचवा कुठला असेल ते कुणाच्या हातात आहे? आणि धामण मारणं हा पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, शिवाय धामण गेली की उंदीर वाढतात आणि उंदरांच्या मागे घोणस येते, हे शेती करणाऱ्याला मी सांगायला नको.

तर शिकवायचं कसं. मी आधी यूट्यूबवर शोधलं. सगळ्यात जास्त व्हिडिओ अमेरिकेतले, अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया वगैरे, तिकडे रॅटलस्नेक असतात, शेपटीचा खुळखुळा वाजवणारे. तिथे कुत्र्यांसाठी खास क्लासच असतात. खरा साप ठेवतात, तोंड बंद केलेला नाहीतर पिंजऱ्यातला, कुत्र्याच्या गळ्यात शॉक कॉलर, कुत्र्याने सापाकडे नाक नेलं की रिमोटने झटका देतात. दोन-चार वेळा झटका बसला की कुत्रा सापाच्या वासानेच लांब पळतो. तिथल्या लोकांचा यावर विश्वास आहे आणि हजारो कुत्र्यांना असं शिकवतात.

मी बराच विचार केला आणि नको ठरवलं. एक तर आपल्याकडे कुणीही साप पकडून ट्रेनिंगसाठी ठेवू शकत नाही, कायद्यात बसत नाही, आणि सापाचं तोंड बांधून ठेवायचं हे मला पटतही नाही. पण मुख्य कारण वेगळं. झटका बसला त्या क्षणाला कुत्र्याच्या डोक्यात तो कशाशी जोडला जाईल हे आपण ठरवू शकत नाही. सापाशी जोडला गेला तर ठीक, पण त्या वेळी तो गवताकडे बघत असेल, बाजूला उभ्या पोराकडे बघत असेल, माझ्याकडे बघत असेल तर? गावठी कुत्रा अविश्वास एकदा धरला की सोडत नाही. आणि नुसत्या भीतीने कुत्रा काय करेल याचा पण नेम नाही, एखादा पळतो, एखादा घाबरून तुटून पडतो.

मला हवं होतं ते साधं होतं. साप दिसला किंवा वास आला की मिरीने माझ्याकडे यावं. पळून कुठेतरी जाऊ नये, तिथे उभं राहून भुंकत बसू नये. सापाकडे पाठ करून माझ्याकडे यायचं, कारण माझ्याकडे तेव्हा जगातली सगळ्यात भारी गोष्ट मिळते. म्हणजे साप हीच आज्ञा झाली पाहिजे, मी तोंडाने काही सांगायच्या आधी. मी घरात असेन, न्हाणीत असेन, अंधार असेल, मी काय सांगणार?

पहिले दोन महिने सापाचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त शिट्टी. खेळाच्या मास्तरांकडे असते तसली शिट्टी बाजारातून आणली, कारण घाबरल्यावर माझा आवाज चिरकतो आणि कुत्र्याला तो वेगळाच वाटतो, शिट्टी मात्र रोज सारखीच वाजते. शिट्टी वाजली की सुका बोंबील. भाजलेला, बोटभर तुकडे केलेला. हा बोंबील शिट्टी आणि पुढे सांगते ते "सोड" सोडून दुसऱ्या कशालाच द्यायचा नाही, बस म्हटल्यावर नाही, जेवणात नाही, लाड म्हणून तर नाहीच, बस म्हटल्यावर पोळीचा तुकडा पुरतो. आधी घरात दोन पावलांवरून, मग पडवीतून खळ्यात (अंगणात), मग ती बेडकाच्या मागे असताना, मग शेजारची मांजर समोर असताना. दिवसाला चार-पाच वेळा, त्याहून जास्त नाही, कंटाळली की तिथेच थांबायचं. आणि एक पथ्य मी कडक पाळलं, शिट्टी वाजवून ती आल्यावर तिला कधीही बांधलं नाही, आंघोळ घातली नाही, रागावले नाही. अण्णांनी एकदा तिला आत कोंडायला म्हणून शिट्टी वाजवली तर मी त्यांच्याशी भांडले, दोन दिवस बोलले नाही. त्यांना तेव्हा ते अतीच वाटलं होतं.

त्याच्याच जोडीला "सोड". मुठीत पोळी धरायची, ती चाटेल, नखाने ओढेल, आपण गप्प राहायचं, ज्या क्षणी ती तोंड मागे घेईल त्या क्षणी दुसऱ्या हातातून बोंबील. मुठीतलं कधीच द्यायचं नाही, नाहीतर थोडं थांबलं की तेच मिळतं असं ती शिकते. मग पोळी जमिनीवर, मग हाड जमिनीवर, मग मी ओढत नेत असलेला बागेतला पाण्याचा पाईप. पाईपने मला एक गोष्ट शिकवली ती म्हणजे लांब आणि हलणारी वस्तू दिसली की या पोरीला राहवतच नाही. ते लक्षात ठेवायला हवं होतं, ठेवलं नाही, पुढे सांगते.

साप आणला आंगणेवाडीच्या जत्रेतून. रबराचे साप मिळतात ना पोरांना घाबरवायचे, तसले दोन, एक हिरवा आणि एक तपकिरी. तपकिरी चांगला होता, हिरवा फारच खेळणं वाटत होता. घरी आणल्यावर ते मिरीला दाखवले नाहीत, मांगरात (बागेतलं सामान ठेवायच्या खोपीत) उंच ठेवले. हे महत्त्वाचं आहे, कुत्र्याने त्याच्याशी एकदा जरी खेळ केला, तोंडात धरला, की पुढे सगळं उलटं शिकवल्यासारखं होतं.

मग काम असं असायचं. कामाला येणारे दादा हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून (वास लागू नये म्हणून, कुत्र्याला दादांचा वास आला की तो साप राहत नाही) तो साप माडाच्या बुंध्याशी पाचोळ्यात अर्धा लपवून ठेवायचे. मी मिरीला लांब दोरीवर घेऊन तिकडून चालत यायची, वारा आमच्याकडून जाणारा नको, तिकडून येणारा असेल तर बरं. वीसेक फुटांवर तिचे कान उभे व्हायचे, मान पुढे. बस, त्या क्षणाला शिट्टी आणि मी उलटी पळायची. ती मागे वळून पळत यायची, आणि माझ्या पायापाशी बोंबलाचे पाच-सहा तुकडे एकामागून एक, कौतुक, पळापळी. खाणं कायम माझ्या पायापाशी. सापाच्या दिशेला एक तुकडासुद्धा फेकायचा नाही.

क्रम महत्त्वाचा, आधी साप दिसला पाहिजे, मग शिट्टी. शिट्टी आधी वाजली तर तिच्या लेखी सापाला काहीच अर्थ उरत नाही. मी सुरुवातीला घाईत आधीच वाजवायची, आठवडाभर त्यात गेला.

साधारण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती माडाजवळ थांबली, कान उभे, मी शिट्टी तोंडाला लावली, आणि वाजवायच्या आधीच ती वळली. माझ्याकडे बघितलं. आली. मी खळ्यात बसून तिला मिठी मारून रडले, ते बोंबील सगळेच्या सगळे तिला घातले.

त्यानंतर जागा बदलत गेलो. गडग्याच्या पायथ्याशी, विहिरीच्या काठावर, काजूच्या बागेत, पायरीवर, संध्याकाळी अंधुक उजेडात, बॅटरीच्या उजेडात. वस्तू पण बदलल्या, जुना पट्टा, सायकलची ट्यूब, काळा दोर वेटोळं करून. कुत्रा शिकतो ते त्या जागेपुरतं शिकतो, घरात येणारी गोष्ट बागेत येत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून थोडं थोडं करायला लागतं. हे जो टाळेल त्याचा कुत्रा फक्त माडाजवळचा रबराचा साप टाळेल.

वासाचं काय हा प्रश्न मला छळत होता, कारण रबराला सापाचा वास कुठून येणार. ऑक्टोबरमध्ये गडग्याच्या फटीत एक अख्खी कात सापडली, ताजी, अजून ओलसर. ती उचलली नाही, तिथेच राहू दिली, आणि पुढचे सहा-सात दिवस मिरीला दोरीवर तिकडून नेलं. पहिल्या दिवशी तिने बारा-पंधरा फुटांवर नाक वर करून वास घेतला आणि तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले. शिट्टी, बोंबील. चौथ्या दिवशी ती वास घेऊन आपणहून वळली. मला वाटतं त्या कातीने जे शिकवलं ते रबराने महिनाभरात शिकवलं नव्हतं. तेव्हापासून कुठे कात दिसली की दादा मला येऊन सांगतात.

एवढं सगळं झाल्यावर पहिला खरा साप आला, आणि मिरी त्याच्या मागे धावली.

धामण होती, चांगली सहा फुटी, दिवसाढवळ्या खळ्यातून सरसर गेली. मिरी झोपली होती ती ताडकन उठली आणि सुसाट. मी शिट्टी वाजवली, दोनदा, तिसऱ्यांदा वाजवल्यावर ती व्हाळाच्या कडेला थांबली आणि आली. धामण तोवर पाण्यापलीकडे गेली होती. आली म्हणून बोंबील दिला, पण हातपाय थरथरत होते माझे. नाग असता तर?

चूक माझी होती. मी तिला पडून राहिलेला साप शिकवला होता. पळणारा साप शिकवलाच नव्हता, आणि पळणारी वस्तू म्हणजे कुत्र्याला वेगळंच जनावर, तिथे नाक काम करत नाही, पाय काम करतात. मग तपकिरी सापाला तंगूस बांधला, मासे पकडायचा असतो तो, आणि दादा झाडाआड उभे राहून तो ओढायचे. आधी अगदी सावकाश, पन्नास फुटांवर, मी मिरीला दोरीने धरून. मग जरा जोरात, मग जवळून. याला पाईपच्या वेळेपेक्षा दुप्पट दिवस लागले. अजूनही तिचं हेच कच्चं आहे, सांगून ठेवते. पडलेला साप ती दहातल्या दहा वेळा टाळते, पळणारा साप बघितला की एक क्षण तिचं अंग पुढे झुकतं आणि मग ती वळते. तो एक क्षण मला पूर्ण घालवता आलेला नाही. म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी सहानंतर ती मोकळी नसते, दोरीवर असते, बॅटरी माझ्या हातात. शिकवलंय म्हणून मोकळं सोडलंय असं मी करत नाही आणि कुणी करू नये.

आणि अर्धं काम कुत्र्याचं नाहीच, घराचं आहे. सोडणांची रास घराला लागून होती ती आता चाळीस पावलांवर मांगरापाशी आहे, जमिनीपासून वर, चिऱ्यांवर फळ्या टाकून. लाकडं पण तशीच. पायरीच्या आणि न्हाणीच्या भोवती गवत वाढू देत नाही, मे अखेरीला एकदा आणि मग दर पंधरा दिवसांनी कापायचं. गडग्याच्या घराजवळच्या फटी मातीने लिंपल्या. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कुत्र्याचं भांडं. बंड्याचं भाताचं भांडं रात्रभर मागच्या दारी पडलेलं असायचं, उरलेल्या भातावर उंदीर यायचे, आणि उंदरांच्या मागे कोण येणार? मी माझ्याच हाताने घोणशीला बोलावत होते, हे मला फार उशिरा कळलं. आता मिरी पडवीत जेवते, पंधरा मिनिटात भांडं उचलून धुवून आत. फिनेल, गंधक, लसणाचं पाणी हे सगळं लोक सांगतात, आम्ही पण केलं होतं, बंड्याच्या वेळी फिनेल आठवड्याला शिंपडत होतो. काही उपयोग नाही.

इतकं करूनही चावलाच तर काय, हे मी आता दाराच्या मागे लिहून लावलंय. जवळच्या कुठल्या जनावरांच्या डॉक्टरकडे अँटिव्हेनम असतं हे जूनच्या आधी फोन करून विचारायचं, चावल्यावर नाही. औषध माणसाचं तेच कुत्र्याचं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच येतं, घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून काढतात, आणि त्यासाठी लागणारं बरंचसं विष तामिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या सोसायटीतून येतं. आमच्याकडे झाडावर असतो त्या हिरव्या चापड्याचं विष मात्र या चारांत नाही. कुत्रा लहान म्हणून औषध कमी लागेल असं नसतं, कारण सापाने विष काही वजन बघून सोडलेलं नसतं. औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून ते डॉक्टरनेच सलाईनमधून द्यायचं, घरी आणून टोचायची वस्तू नाही ती. घोणस किंवा फुरसं असेल तर डॉक्टर थोडं रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि तिरकी करून बघतात, गोठलं नसेल तर विष भिनलंय. ही एवढी साधी टेस्ट आहे.

आपण काय करायचं, तर गळ्यातला पट्टा लगेच काढायचा, चालू द्यायचं नाही, उचलून न्यायचं. दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, चुना, हळद, बर्फ, मंत्र, काहीही नाही. साप शोधत बसायचं नाही. आणि सूज नाही म्हणून थांबायचं नाही, मण्यार चावली तर सूज जवळपास येतच नाही, कुत्रा तासभर बरा दिसतो आणि मग मागचे पाय लटपटायला लागतात. नाग असेल तर पापण्या जड होतात, लाळ गळते, श्वास अडतो. घरात साप आला तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे, नाहीतर ओळखीचे सर्पमित्र, तोवर कुत्रा आत आणि नजर सापावर.

आता गेल्या सप्टेंबरची गोष्ट सांगते, मावसबहिणीने ती ऐकूनच फोन केला होता.

संध्याकाळी पावणेसात, पाऊस नुकताच थांबलेला. मी आईला चहा देत होते, मिरी अजून दोरीला लावायची होती, मागच्या दारी कुठेतरी होती. ती पडवीत आली, न भुंकता, आणि माझ्यासमोर बसली. मला वाटलं खायला मागतेय. मी म्हटलं, थांब ग. ती उठून दारापर्यंत गेली, बाहेर नाही गेली, उंबऱ्यात थांबून मागच्या बाजूला बघितलं, परत येऊन माझ्यासमोर बसली, यावेळी जवळजवळ माझ्या पायावरच. पाठीवरचे केस उभे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं, जनावर आहे वाटतं मागे. दिवेलागणीला साप म्हणायचं नाही, ती सवय अजून आहे.

मिरीला आत कोंडलं, कोंडायच्या आधी डब्यातले सगळे बोंबील तिच्यापुढे ओतले. बॅटरी घेऊन दारातूनच बघितलं. न्हाणीच्या पायरीच्या बाजूला, जिथून ती रोज दहा वेळा जाते तिथे, घोणस. अंगावर त्या साखळीसारख्या गोल गोल ठिपक्यांच्या ओळी, तिकोनी डोकं, बॅटरीचा उजेड पडला तशी फुगली आणि तो आवाज सुरू झाला. अण्णा आतून म्हणाले, तोच आवाज. ते पुढे काही बोलले नाहीत.

सर्पमित्र पाऊण तासाने आला, शेजारच्या गावातला पोरगा, हुकने उचलून पाईप लावलेल्या पिशवीत घातली, वनखात्याला कळवून लांब सोडणार म्हणाला. जाताना विचारलं, कुत्रा भुंकला का. मी म्हटलं नाही, सांगायला आला. ओल्या मातीत मिरीच्या पायांचे ठसे होते, ते मी सकाळी उजेडात बघितले. पायरीपासून सहा-सात पावलांवर ते थांबले होते आणि तिथूनच घराकडे वळले होते.

मावसबहिणीचं पिल्लू पुढच्या रविवारी येणार आहे. तिला सांगितलंय शिट्टी आधी घे, सापाचं नंतर बघू, तपकिरी साप मी माझा देते. बोंबील मात्र तिचे तिने आणायचे, पावसाच्या आधी, नंतर मिळत नाहीत.